उभ्या पायाचं माप

मी दात करते. डॉक्टर नाही मी. डॉक्टर लोकांच्या तोंडात काम करतात आणि मी त्यांच्या पाठीमागे, घराच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, प्लास्टरच्या धुळीत. जबड्याचा ठसा डबीतून माझ्याकडे येतो, मी त्यात प्लास्टर ओतते, वाळलं की जबडा बाहेर काढते आणि त्याच्यावर कवळी बसवते. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत माप चुकलं म्हणून माझी एकही कवळी परत आलेली नाही, आणि हे मी कोणी न विचारताच सांगते. दादा म्हणतो, "हिला रस्त्यात कोणी पत्ता विचारला तरी आधी कवळीचं सांगेल, मग डावीकडे वळायला सांगेल."

ही गोष्ट मात्र पायांची आहे. वहिनीच्या पायांची. या गोष्टीत माझी चांगली जिरली, तरी सांगायला मला लाज वाटत नाही, उलट कधी एकदा सांगते असं होतं.

दादा माझा मोठा भाऊ. आठ वर्षांपूर्वी डोळ्यांच्या नसांचा आजार झाला आणि वर्षभरात त्याची दृष्टी गेली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो, आणि सांगतो की दिसत नसल्यामुळे उलट फायदाच झाला, आता रागावलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. त्याला एकाच गोष्टीचं दुःख होतं. आधी तो रोज पहाटे मैलोन् मैल पळायचा. नंतर घरातल्या ट्रेडमिलवर, दांडा धरून. "पळतोय खरा," म्हणायचा, "पण कुठेच पोचत नाही."

यंदा आमच्या इथल्या पळणाऱ्यांच्या क्लबनं दहा किलोमीटरची शर्यत ठेवली आणि जाहीर केलं की ज्यांना दिसत नाही त्यांनीही यावं, फक्त जोडीदार आणावा. दोघांच्या हातात एक कापडी पट्टी असते. एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे. जोडीदारानं शेजारून पळायचं, वळण आलं की सांगायचं, खड्डा आला की सांगायचं. दादानं ते मोबाइलवर ऐकलं आणि लगेच पुन्हा लावून ऐकलं. दादा एखादी गोष्ट दोनदा ऐकतो म्हणजे घरात काहीतरी मोठं घडलंय असं समजावं.

"मी येते तुमच्याबरोबर," वहिनी म्हणाली.

वहिनी शाळेत गणित शिकवते. एक्कावन्न वर्षांची. आयुष्यात ती पळाली असेल तर बसच्या मागे, आणि तेही बस थांबल्यावर. पण ती म्हणाली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी बागेत. पहिल्या दिवशी चारशे मीटर, पंधरवड्यात दोन किलोमीटर, महिनाभरात तीन. दादा घरी यायचा तो घामानं भिजलेला, आणि नाश्ता करताना बोलतच सुटायचा. वाऱ्याबद्दल, उताराबद्दल, समोरून येणाऱ्या कुत्र्याबद्दल. आठ वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि वहिनी टेबलाखाली स्वतःची नडगी दाबत बसलेली असायची.

क्लबचे प्रशिक्षक म्हणजे शिट्टीमास्तर. त्यांना सगळे असंच म्हणतात, कारण ते बोलण्याआधी शिट्टी वाजवतात. त्यांनी एके दिवशी तिचं पळणं पाहिलं, तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे पाय सपाट आहेत. या कापडी बुटांत तुम्ही दहा किलोमीटर काढू शकत नाही. नीट बूट घ्या. चार आठवड्यांनी रविवारी चाचणी घेतो. बागेला चार फेऱ्या, आठ किलोमीटर, न थांबता, न चालता. जमलं तर तुम्ही. नाही जमलं तर साहेबांना मी दुसरा जोडीदार देईन." दुसरा जोडीदार तयारच होता. बँकेतला एक उंच माणूस, लांबलचक पायांचा, स्वभावानं गोड. त्याच्यावर रागावताही येईना.

घरी आल्यावर वहिनीनं दादाला विचारलं, "मला नाही जमलं तर काय करायचं?"

"मग तो आहे की," दादा म्हणाला. "पट्टीचं दुसरं टोक धरायला कोणी का असेना. तू पायाला त्रास करून घेऊ नकोस."

वहिनी माझ्या खोलीत आली, जबड्यांच्या रांगेसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आठ वर्षं हा माणूस माझा हात धरून चालतोय. बँकेत, दवाखान्यात, लग्नाकार्यात. आणि आता एवढ्या वर्षांनी पळायची वेळ आली तर हात दुसऱ्याचा? मला नाही ते चालणार. मला ते टोक हवंय." तिचे डोळे भरले होते. ती असं कधी बोलत नाही. मी हातातला जबडा खाली ठेवला.

"बुटांचं माझ्यावर सोड," मी म्हटलं.

इथेच मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणजे माझ्या नव्हे, तिच्या.

कोणीही शहाणं माणूस तडक चपलाबुटांच्या दुकानात गेलं असतं. पण मी मापाची बाई. मी साच्याची पावडर टबात कालवली, तीच जी आम्ही तोंडाच्या ठशाला वापरतो, आणि वहिनीला खुर्चीत बसवून म्हटलं, "पाय आत सोड. हलू नकोस. बोलू नकोस."

"पायानं बोलतात का?" तिनं विचारलं.

"रुग्ण बोलला की ठसा बिघडतो," मी सवयीनं म्हटलं.

पाच मिनिटांत ठसा घट्ट झाला. प्लास्टर ओतलं, टब थरथरवून बुडबुडे काढले, आणि संध्याकाळी वहिनीचे दोन्ही पाय माझ्या टेबलावर. काय देखणे आले होते. टाचेच्या भेगासुद्धा दिसत होत्या. आणि तळव्याच्या मध्ये, आतल्या बाजूला, सरळ सरळ कमान. माझी दोन बोटं आरामात खाली जात होती.

"वहिनी," मी ओरडलेच, "तुझे पाय सपाट नाहीतच. हे बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला? शिट्टीमास्तर शिट्टी वाजवण्यापुरते ठीक आहेत."

"पण माझे पाय लहानपणापासून सपाट आहेत," वहिनी म्हणाली. "न्हाणीघरातून बाहेर आले की फरशीवर इस्त्री ठेवल्यासारखे ठसे उठतात."

"पाणी पसरतं गं. साचा खोटं बोलत नाही."

वहिनी गणिताची बाई, पुरावा समोर ठेवला की मान्य करते. तिनं मान डोलावली. मला अजून ती मान डोलावणं आठवलं की कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी एका मोठ्या दुकानात गेले आणि कमानदार पायासाठीचे बूट घेऊन आले. मऊ, हलके, मध्ये निमुळते, पाय ठेवला की उशीवर ठेवल्यासारखा. वहिनीला घेऊन गेलेच नाही. कशाला? माझ्याकडे माप होतं. पिशवीतून साचा काढून मी बुटाशेजारी धरला तेव्हा दुकानातली माणसं जरा लांब सरकली, एवढंच.

पहिल्या दिवशी वहिनी खूश. "किती मऊ आहेत," म्हणाली. चौथ्या दिवशी ती जिन्याचा कठडा धरून उतरली. आठव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला हात लावू देईना, आणि गुडघाही बोलायला लागला. दोन किलोमीटरच्या पुढे पळणं होईना. मी म्हटलं, "नवे आहेत, पायाला सवय होईल. नवी कवळीही पंधरा दिवस टोचते." ती म्हणाली, "बरं, वन्सं."

वहिनी मला एरवी नावानं हाक मारते. 'वन्सं' म्हटलं की समजायचं, पारा चढलाय.

आणि मग दादा बोलला. रात्रीचं जेवण चाललं होतं. तो मला म्हणाला, "हे बूट आल्यापासून पट्टी ओढते."

"म्हणजे काय?"

"तिचा उजवा पाय पडला की माझ्या हाताला झटका बसतो. तिच्या बाजूला. आधी थोडा बसायचा, आता प्रत्येक पावलाला बसतो. तिचा गुडघा आत जात असणार. मला दिसत नाही, पण ही बाई माझ्या हाताला बांधलेली आहे, कळतं मला." मग वहिनीकडे तोंड करून तो म्हणाला, "आणि तू दुखत नाही म्हणतेस, तेही खोटं आहे."

वहिनीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. चाचणीला तेरा दिवस राहिले होते.

माझा अहंकार मोठा आहे हे मला ठाऊक आहे. पण आठ वर्षांनी बोलायला लागलेला माझा भाऊ आणि टेबलाखाली नडगी दाबणारी माझी वहिनी, या दोघांपुढे तो किती वेळ टिकणार? शिट्टीमास्तरांनी सुरुवातीलाच ज्या दुकानाचा पत्ता दिला होता, तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: संध्याकाळीच जा, दिवसभरात पाय फुगतात. पळायचे मोजे घेऊन जा. जुने बूट घेऊन जा. मी तिन्ही गोष्टी केल्या, आणि चौथी माझ्या मनानं. साचे पिशवीत घेतले.

दुकान छोटं. भिंतीला खोके, मध्ये एक लाकडी बाक, आणि दाराबाहेर सरळ, रिकामी गल्ली. दुकानाच्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी वहिनीचा जुना कापडी बूट हातात घेतला, उलटा केला आणि टाचेवरून अंगठा फिरवला. आतली बाजू पार झिजली होती, बाहेरची जशीच्या तशी.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. कारण मी स्वतः हेच करते. नवी कवळी करायची असली की मी म्हणते, जुनी आणा, झीज बघू द्या, माणूस कसा चावतो ते झीज सांगते. आणि वहिनीचे जुने बूट मी उलटे करून बघितलेसुद्धा नव्हते.

तरी मी साचे काढून बाईंसमोर ठेवले. "तिच्या पायाला कमान आहे," मी म्हटलं. "हा पुरावा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. साचा उचलला, फिरवला, टाचेच्या भेगा पाहिल्या. "तुम्ही केला? फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो खाली ठेवला. "पण हा पाय बसलेला आहे."

"म्हणजे?"

"मॅडम, जरा मोजे काढून इथे उभ्या राहा."

वहिनी साच्याशेजारी फरशीवर उभी राहिली. बाईंनी एक पावती फाडली आणि तिची कड साच्याच्या कमानीखाली सरकवली, सरळ आत गेली. मग तीच कड वहिनीच्या तळव्याखाली सरकवायला गेल्या. जाईना. कागदसुद्धा जाईना. वहिनीचा पाय सगळा जमिनीला टेकला होता आणि घोटा आत कलला होता. "आता बसा," बाई म्हणाल्या. वहिनी बाकावर बसली, पाय अधांतरी, आणि आमच्या डोळ्यांदेखत कमान परत आली.

"बऱ्याच लोकांचे सपाट पाय असेच असतात," बाई म्हणाल्या. "बसलं की कमान असते, भार पडला की जाते. आणि बसून कोणी पळत नाही."

दादा खो खो हसायला लागला. मी त्याला हसू दिलं. कारण मला माझीच खोली दिसत होती. कवळीला दोन गोष्टी लागतात, ठसा आणि चावा. ठसा म्हणजे तोंड उघडं, कशावर काही भार नाही. पण तेवढ्यावर कवळी केली तर ती माणसाला लागणारच. म्हणून रुग्णाला मेणावर दात दाबायला लावतात. भार पडल्यावर जबडा कुठे बसतो ते त्यात कळतं. मेणाचा चावा आला नाही तर मी डॉक्टरांना फोन करून झापते. सव्वीस वर्षं लोकांना झापत आले, आणि घरच्या माणसाच्या पायाचा चावाच घेतला नाही.

"वहिनी, माझी चूक झाली," मी म्हटलं. दुकानात, सगळ्यांसमोर.

"अगं, असू दे," वहिनी म्हणाली. मग दादाला म्हणाली, "ऐकलंत का? परत ऐकायला मिळणार नाही."

आता मला चेव आला. चुकलं ते चुकलं, अजून बारा दिवस हातात होते. मी बाईंना म्हटलं, "म्हणजे सगळ्यात घट्ट, सगळ्यात जास्त आधाराचा बूट द्या." बाईंनी मान हलवली. "पी हळद नि हो गोरी असं नसतं. जास्त आधार म्हणजे जास्त चांगला असं नाही. काही पायांना तो खडा होऊन टोचतो. सपाट पाय म्हणजे आजार नाही, कित्येक जण तसेच मजेत पळतात. यांचं दुखतंय, म्हणून आपण आधार शोधतोय. तो किती हवा ते पाय सांगेल."

त्यांनी चार खोके काढले. माझ्यासारखीला समजेल असं एकेक हातात देऊन दाखवलं. बुटाची टाच दोन बोटांनी दाबली, ती दबता कामा नये. बूट दोन्ही टोकांना धरून ओल्या फडक्यासारखा पिळला, तो सहज पिळला जाता कामा नये. मग टोक वर उचललं, वाकला पाहिजे तो चवड्यापाशी, मधोमध नाही. तळाच्या आतल्या बाजूला जरा टणक फोम हवा, म्हणजे पाय आत कलायला लागला की त्याला अडवतो. आणि पुढे ऐसपैस जागा, कारण सपाट पाऊल भार पडला की पसरतं. मी आणलेला मऊ बूट त्यांनी पिळला तर त्याची दोरी झाली. मी दुसरीकडे बघितलं.

"आता पळून बघा," बाई म्हणाल्या.

"मी आरशात बघू?" वहिनीनं विचारलं.

"आरसा कशाला?" दादा म्हणाला. त्यानं खिशातून पट्टी काढली. "मी सांगतो. कोणता बूट आहे ते मला सांगू नका."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. मग त्या उठल्या आणि दुकानाचं दार उघडून धरलं.

पहिली जोडी. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले आणि परत आले. "ओढतोय," दादा म्हणाला. "आधीपेक्षा कमी, पण ओढतोय." दुसरी जोडी, तीच ती सगळ्यात घट्ट. "झटका नाही," दादा म्हणाला, "पण ही लंगडतेय. काय टोचतंय तुला?" वहिनीनं कबूल केलं की तळव्यात दगड असल्यासारखं वाटतंय. शेजारच्या छपाईवाल्याकडचे दोघं बाहेर येऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक आजी बघायला लागल्या आणि त्यांनी खाली कोणाला तरी विचारलं, काय चाललंय. "बूट घेताहेत," छपाईवाला म्हणाला. आजी म्हणाल्या, "असे?"

तिसरी जोडी. दोघं निघाले. मी दारात उभी, हातात उरलेला खोका, आणि मला तर शर्यत तीच वाटत होती. टोकापर्यंत गेले. वळले. येताना दादाच्या तोंडावर काहीच नव्हतं, तो नुसता ऐकत होता, मनगटानं. दुकान आलं तरी थांबला नाही, पुढे गेला, वहिनीला तसंच पुढे जावं लागलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते परत आले आणि मग तो थांबला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "पट्टी आहे की नाही हेच कळेना. मला वाटलं, तू सोडून दिलीस."

वहिनी धापा टाकत होती आणि हसत होती. "मला काही बोचत नाहीये. कुठेच नाही."

"चौथी जोडीही बघा," बाई म्हणाल्या. चौथीही बरी होती. पण तिसरी ती तिसरीच. अंगठ्यापुढे एक बोटभर जागा सोडून माप पक्कं केलं. बाईंनी बजावलं की बूट जादू करत नाहीत, दुखणं उतरेपर्यंत चार दिवस पळायचं नाही, नुसतं चालायचं, मग थोडं थोडं वाढवायचं, आणि रोज चवड्यांवर उभं राहून पोटऱ्यांचा व्यायाम करायचा. रंगाबद्दल मात्र बोलण्यासारखं काही नव्हतं. जांभळा, त्यावर केशरी पट्टे, आणि तळ पोपटी. त्या मापात तेवढाच होता.

"रंग कसा आहे?" दादानं विचारलं.

"राखाडी," वहिनी म्हणाली.

पुढचे बारा दिवस मी कामात लक्ष नसलेली बाई होते. डॉक्टरांचे फोन आले की म्हणायची, होईल, होईल. सकाळी सातला जिन्यात उभी राहायची, वहिनी कठडा धरून उतरते की न धरता ते बघायला. पाचव्या दिवशी ती न धरता उतरली. आठव्या दिवशी चार किलोमीटर. दहाव्या दिवशी सहा. त्या दिवशी तिनं टेबलाखाली पायाला हात लावला नाही. सगळा नाश्ता होईपर्यंत मी खाली वाकून तेवढंच बघत होते. शेवटी दादानं विचारलं, काही सांडलंय का.

चाचणीचा रविवार. बागेचा रस्ता तळ्याभोवती गोल जातो, एक फेरी बरोबर दोन किलोमीटरची. शिट्टीमास्तरांनी खडूनं रेघ मारली आणि नियम पुन्हा सांगितले. थांबायचं नाही, चालायचं नाही, जोडीदारानं ओढायचं नाही. आणि शेवटी रेघ ज्याला दिसत नाही त्यानं आधी ओलांडायची. जोडीदार आधी आला तर जोडी बाद. हा शेवटचा नियम आम्ही कोणी मनावर घेतला नव्हता. वहिनी कायम अर्धं पाऊल मागेच असायची. बँकवाला उंच माणूस पळायचे कपडे घालून आला होता, गरज पडली तर असावं म्हणून. त्यानं वहिनीला शुभेच्छाही दिल्या. इतकं चांगलं वागू नये माणसानं.

शिट्टी वाजली. पहिली फेरी, दोघं बोलत बोलत आले. दुसरी फेरी, बोलणं बंद, पण पाय एका तालात. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते, ती द्यायचीच विसरले. तिसऱ्या फेरीला वहिनीचा चेहरा लाल, आणि माझी नजर तिच्या उजव्या गुडघ्यावर. आत जातोय का? नाही. सरळ. जांभळा पाय पडत होता आणि उचलला जात होता, पडत होता आणि उचलला जात होता. सहा किलोमीटर झाले.

चौथ्या फेरीला ते तळ्यापलीकडच्या झाडांमागे गेले आणि बराच वेळ दिसेनात. मी घड्याळ बघितलं. बँकवाल्यानंही बघितलं. मग झाडांमागून पोपटी तळवे चमकले, आणि मी बघितलं ते काही तरी भलतंच. ते थांबले नव्हते. चालत नव्हते. वहिनी पुढे होती. एक्कावन्न वर्षांची माझी वहिनी, दुखणं गेलेलं, शेवट समोर दिसतोय, अशी सुटली होती की दादा मागे राहिला होता. अर्धं पाऊल, मग एक पाऊल.

"मागे ये," मी ओरडले. "वहिनी, मागे." तिला वाटलं मी शाबासकी देतेय. ती आणखी जोरात पळायला लागली. रेघ पन्नास पावलांवर. मी बाटली टाकली आणि तिच्याकडे पळत सुटले, चपला घालून, हात हलवत. शिट्टीमास्तरांनी शिट्टी तोंडात धरली.

दादाला पट्टीनं कळलं. इतके दिवस पट्टी बाजूला ओढायची, आज पुढे ओढत होती. "अगं, नियम," तो म्हणाला, आणि वहिनीच्या लक्षात आलं. तिनं वेग कमी केला नाही, कमी केला असता तर चाल झाली असती. ती नुसती म्हणाली, "मग तुम्ही या पुढे. सरळ आहे. काही नाही मध्ये. पळा." आणि दादा पळाला. आठ वर्षांत पहिल्यांदा, समोर काय आहे ते न विचारता, मान वर करून, जीव खाऊन. मी रस्त्यातून कशीबशी बाजूला झाले. माझ्या कानाजवळून दोघं गेले. दादाचा पाय रेघेपलीकडे पडला, आणि मागोमाग तिचा.

शिट्टी वाजली. मी तिथेच गवतात बसले.

वहिनी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. दम लागलेला असतानाच तिनं विचारलं, "म्हणजे मी पास?"

"पास," शिट्टीमास्तर म्हणाले. "आणि बरं झालं. नाहीतर यांचं नाव कापावं लागलं असतं."

"का? हे होते की," वहिनीनं बँकवाल्याकडे हात केला.

"तो होता. पण साहेबांनी पहिल्याच संध्याकाळी मला फोन केला होता. म्हणाले, ती नसेल तर माझं नाव काढून टाका. मी दुसऱ्या कोणाबरोबर पळणार नाही."

वहिनी सरळ झाली. दादा एकदम बुटाची नाडी बांधायला खाली बसला. नाडी बांधलेलीच होती.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मला म्हणालात, कोणी का असेना."

"सांगितलं असतं तर तू मोडक्या पायांनी पळाली असतीस आणि तोंडातून अवाक्षर काढलं नसतंस," दादा खाली बघतच म्हणाला. "ओळखतो ना मी तुला."

"चार आठवडे मला रात्रीची झोप नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "मी शेजारी जागाच होतो."